चांदी कोणी घातली?

देवाला स्मरून सांगतो, यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. रविवारची भर दुपार होती. जागा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची प्रयोगशाळा. इमारतीत चिटपाखरू नव्हतं.

ताई झाडपाल्यापासून सौर घटासाठी पावडर बनवते. पाला उकळायचा, काढ्यात जस्ताचा क्षार मिसळायचा, वरून चांदीच्या क्षाराचे थेंब सोडायचे. मग भट्टी. त्या थेंबभर चांदीवर सगळा खेळ. ती नीट उतरली तर काढा तांबूस होतो आणि घट वीज देतो, नाहीतर नुसती राख.

थेंब सोडायचा हात तिच्या गुरूंचा. सगळे त्यांना बाई म्हणत. बाई अचानक गेल्या... आणि ताईला एकही घाणा साधेना.

परीक्षक तीन दिवसांवर आलेले. जमलं नाही तर पदवी गेली, इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

मी डबा घेऊन गेलो, तर ताई डोकं धरून बसलेली. काढा ढवळणीवर फिरत होता आणि चांदीच्या क्षाराची बाटली कोरडी. मी म्हटलं, एवढा काढा करतेस, तर खोकल्यावर तरी विक. ती हसली नाही.

दाराला कुलूप लावून आम्ही भांडारात बाटली बघायला गेलो. भांडार बंद.

परतलो. कुलूप तसंच होतं. पण आतून...

टप.

मग बराच वेळ काही नाही.

टप.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई असंच थांबून थांबून सोडायच्या रे," ती कुजबुजली.

दार उघडलं. आत कोणी नाही.

काढा तांबूस झाला होता.

भट्टीतून निघालेली पावडर यंत्रात तपासली. चांदी होती. घट झकास चालला.

तीन दिवसांनी परीक्षक आले, घट पाहून खूश झाले. पण त्यातले थोरले म्हणाले, आता आमच्यासमोर एकदा करून दाखवा.

मी बाहेर बाकावर होतो. आतलं ताईने नंतर सांगितलं. बाटली नवी, पाला तोच. तिने थेंब सोडले... रंग येईना. पुन्हा सोडले. गढूळ पाणी.

शेवटी तिने हात जोडले. "सर, जरा वेळ सगळे बाहेर चला. मीही येते."

ते हसत हसत बाहेर आले. दार लागलं.

मग हसू थांबलं.

आतला तो आवाज त्यांनीही ऐकला. दार उघडून काढ्याचा रंग पाहिला आणि कोणी काही न विचारता सह्या केल्या.

ताईला पदवी मिळाली.

त्या दिवशी आम्ही उन्हातून चालत घरी आलो. चांदीचा क्षार कातडीला लागला तर लगेच दिसत नाही, उजेडात हळूहळू काळा पडतो.

घराच्या पायरीवर ताईने बाही वर केली. उजव्या मनगटाभोवती काळी बोटं उमटली होती... घट्ट आवळलेली. तिच्या बोटांपेक्षा लांब.

आई म्हणते, बाई हात धरून शिकवत असतील, दुसरं काय.

मीही मनाला तेच सांगतो. पण आतून टपटप झाली तेव्हा ताई बाहेर होती. म्हणजे तिचे थेंब फसले, ते तो हात मनगटावर असतानाच ना?