विहिरीतला हायबोडोंट

"मामा, थांब! ट्रॉली भरू नको!"

पल्लवी ढिगाऱ्यावर चढून ओरडली, पण ट्रॅक्टरच्या आवाजात तिचं कोण ऐकतंय! राजपालमामाने फावडं उचललंच. नव्या विहिरीतून निघालेला सगळा दगड आज शेताकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यावर पसरायचा होता.

आसेगावात मामाकडे आल्यापासूनचे वीस दिवस पल्लवीने याच ढिगाऱ्यावर काढले होते. आई पुण्यात कामाला, आणि इथली पोरं तिला खेळायला घेत नव्हती. एकटीला फार फार वाईट वाटायचं! मग विहिरीत काळ्या दगडाखाली लागलेल्या पांढऱ्या दगडात तिला तांदळाएवढा दात सापडला. पाठोपाठ एक दातेरी काटाही. शाळेतल्या बाईंनी फोटो अमरावतीच्या जीवाश्मवाल्या मॅडमना पाठवला.

"बहुधा हायबोडोंट!" मॅडमनी आज सकाळीच कळवलं. "शार्कसारखा मासा, पण आजच्या शार्कच्या गटात न बसणारा. त्याचा गटच वेगळा, तोही केव्हाच नामशेष झालेला. खात्रीला आणखी दात हवेत. परवा येते."

आणि ढिगारा आजच चालला होता!

"वाशीमात शार्क!" खेळायला न घेणाऱ्या पोरांतला प्रज्वल खो खो हसला. "समुद्र कोठी हाय वं इथं?"

"हे मासे नदीतळ्यातही राहायचे!" पल्लवी म्हणाली.

"मासा मंग पाहू," मामा म्हणाला. "ट्रॅक्टर आजच भेटला बाई."

पल्लवीला रडूच कोसळलं. तेवढ्यात तिला आठवलं, मागे एकदा पाण्याची बाटली सांडली तेव्हा पांढऱ्या दगडाचं काय झालं होतं! तिने बादलीभर पाणी आणून ढिगाऱ्यावर ओतलं. काळा दगड जसाच्या तसा. पांढऱ्याचा मात्र घटकेत लगदा झाला.

"हे रस्त्यावर टाकलंस तर पावसाळ्यात ट्रॅक्टर फसेल, मामा!"

मामाने लगद्यात पाय घालून पाहिला. "अरे बापा! मी तं सरसकट टाकून राह्यलो होतो! पांढरं बाजूले काढा रे!"

ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी मॅडमनी येऊन ते पांढरं चाळलं. अकरा दात निघाले!

"हायबोडोंटच! शाब्बास पल्लवी, मोठ्यांनी घालवलं असतं ते तू वाचवलंस."

"भाची कोनाची हाय!" मामा गावभर सांगत सुटला. मग सगळे मॅडमना घेऊन चहाला गेले. पल्लवी पुन्हा ढिगाऱ्यावर एकटी बसली. शाबासकी मिळाली, तरी सोबतीला कोणी नव्हतंच; तिने मॅडमची चाळणी जवळ ओढली.

"चाळणी मले दे ना," प्रज्वल मागून म्हणाला. तो गेलाच नव्हता. "दात कसा ओळखाचा, सांग."

पल्लवी सरकून बसली आणि त्याला जागा करून दिली.