श्वास घ्यायची खूण

ह्युऑन पाइनचं लाकूड कित्येक वर्षं नदीच्या तळाशी पडून राहिलं तरी कुजत नाही. बाहेर काढून रंधा मारला की वास येतो, ताजा.

तविताची बायको रविवारी नारळाच्या दुधातले पाव करते.

लुडमिलाला मेलबर्नमध्ये नात झाली.

सफरचंदांच्या शेडमध्ये टाळी वाजवली तर आवाज तिथल्या तिथे मरतो. लाकडी खोकी तो पिऊन टाकतात.

माझा भाऊ डेस फक्त रविवारी दाढी करतो.

या पाच गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, पण तो मला नीट मांडता येत नाही. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

आमचा संच लहान. वेस्ना गाते. तिच्या आजीच्या गावची, मॅसिडोनियातली गाणी तिला पाठ आहेत. तविता सामोआचा. तो पोकळ ओंडका दोन काठ्यांनी वाजवतो. मी, हेस्टर, लायर वाजवते, म्हणजे वीणेसारखं एक जुनं तंतुवाद्य. एका फुटक्या ग्रीक रांजणावरचं चित्र बघून ती डेसनंच मला करून दिली. जन्मभर त्यानं नदीकाठी होड्या बांधल्या. माइक, वायरी, वीज आम्हाला चालत नाही. रविवारी दुपारी शेडमध्ये तालीम, मग चहा, मग भांडणं, मग घर.

वेस्नाच्या गाण्यांत शब्द एकीनं म्हणायचे आणि बाकीच्यांनी खाली एकच सूर धरायचा. गाणं संपेपर्यंत तो तुटता कामा नये. त्यासाठी सूर धरणारे डोळे मिटून, कोपराला कोपर लावून उभे राहतात. श्वास घ्यायच्या आधी शेजारच्याचं कोपर हलकेच दाबायचं. मी चालले, तू धर. परत आलं की पुन्हा दाबायचं. एवढंच. अशी गाणी आली की मी लायर खाली ठेवते आणि सूर धरते. आम्ही तिघं होतो, लुडमिला, डेस आणि मी. नात झाली आणि लुडमिला मेलबर्नला राहायला गेली.

"दोघांवर सूर पेलत नाही," वेस्ना म्हणाली. "डेसच्या छातीत आधीच लाकडाचा भुसा भरलाय. सुगीच्या मेळ्यापर्यंत बघू. नाही जमलं तर मी भात्याची पेटी ठेवते."

"आणि मी काय, खुर्च्या मांडू?" डेसनं विचारलं.

"खुर्च्या तविता मांडतो. तू तिकिटं फाड."

सगळे हसले. डेसही हसला. होड्यांचं काम सुटल्यापासून त्याच्याकडे रविवारशिवाय काही उरलं नव्हतं. पेटी आली असती तर रविवारही गेला असता.

पुढच्या तालमीला आम्ही दोघं खोक्यांसमोर उभे राहिलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मुद्दाम नव्हे. पाय तिथेच थांबले. कोपरं लागत नव्हती, तरी कुणी सरकलं नाही.

वेस्ना आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि गाऊ लागली.

गाणं छान झालं. वेस्ना वळली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. "बघा! जमतंय की! उगाच घाबरवलंत मला."

चहाच्या वेळी डेस माझ्याजवळ येऊन बसला. पाव मोडत हळूच म्हणाला, "तिसऱ्या कडव्याच्या आधी मी श्वास घेतला. लांबलचक. तू धरलं होतंस ना?"

"मी पण तेव्हाच घेतला," मी म्हणाले.

तो मोडलेल्या पावाकडे बघत राहिला. "मग?"

"पत्र्याचं छप्पर आहे. घुमलं असेल."

म्हणूनच नंतर, सगळे गेल्यावर, मी टाळ्या वाजवून पाहिल्या. इकडे उभं राहून, तिकडे उभं राहून. काहीही घुमलं नाही.

दोघांनी एकाच वेळी श्वास घेणं ही सूर धरणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक. दोघंही समजतात, दुसरा धरून आहे. ती आमच्याकडून त्यानंतर दर रविवारी होऊ लागली. सूर एकदाही तुटला नाही. उलट भरत गेला. खालून, जरा दाणेदार, बाईचा की पुरुषाचा ते न कळणारा. वाईट वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. डेसचा चेहरा उजळला होता. मागच्या अंगणात त्यानं ह्युऑन पाइनचं जुनं लाकूड काढलं, दुसरी लायर करायला घेतली. बुधवारीही दाढी केलेली मला दिसली.

मी नेमकेपणानं विचार करणारी बाई आहे. वाद्याची तार उतरली तर आधी खुंटी बघते, मग हवा बघते, मग स्वतःचे कान. म्हणून एका रविवारी मी बाह्या वर केल्या आणि गाण्याच्या ऐन मध्यात डोळे उघडायचं ठरवलं.

दुसऱ्या कडव्यात माझं उजवं कोपर कुणीतरी हलकेच दाबलं.

मी डोळे उघडले. डेस तिकडे हातभर लांब, दोन्ही हात खिशात, डोळे मिटलेले.

कोपरावरचा दाब तसाच होता. खरखरीत लोकर लागत होती. घरी विणलेली.

मी सूर धरला. दुसरं काय करणार? तिनं रीतीनं विचारलं होतं. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं गेलं आणि सूर पुन्हा भरला. तिनं म्हणते मी. का, ते माहीत नाही.

त्या दिवशी तालीम सुटल्यावर तविता ओंडका खांद्यावर घेऊन आमच्या समोरून दाराकडे निघाला. मोठ्यांच्या समोरून जाताना कमरेत वाकून 'तुलोउ' म्हणायची त्यांच्याकडे रीत आहे. माफ करा, पुढून जातोय. तो डेससमोर वाकला. "तुलोउ, अंकल." माझ्यासमोर वाकला. "तुलोउ, आंटी."

मधल्या रिकाम्या जागेसमोरही एकदा वाकला होता.

"तविता," मी म्हणाले, "ते कुणाला?"

त्यानं ओंडका दुसऱ्या खांद्यावर घेतला. "सवय आहे, आंटी." मग म्हणाला, "पाव उरलेत. ठेवून जाऊ का इथे?"

"उंदीर येतील."

"हं," तो म्हणाला आणि पाव ठेवून गेला.

मेळ्याच्या दुपारी शेड भरली होती. लोक खोक्यांवर बसले, पोरं छपराच्या तुळयांवर. दारातून नदी दिसत होती आणि सफरचंदाच्या दारूचा आंबूस वास येत होता. वेस्नानं आम्हाला बजावलं, "शेवटचं गाणं लांब आहे. डेस, दम लागला तर सरळ खाली बस. उद्यापासून पेटी आणू, त्यात लाज नाही."

"तू गा गं," डेस म्हणाला.

आम्ही उभे राहिलो. मध्ये जागा सोडून.

पहिलं कडवं. दुसरं. सूर भरलेला होता. मला तीन आवाज वेगवेगळे ऐकू येत होते. माझा, मधला आणि डेसचा.

मी डेसकडे पाहिलं.

त्याचं तोंड बंद होतं. तो नाकानं सावकाश श्वास घेत होता, आणि हसत होता.

तीन आवाज तसेच होते.

मग मीही तोंड मिटलं.

सूर तुटला नाही.

वेस्ना त्यावर गात राहिली, मान मागे टाकून, आजीच्या गावची बाई गाते तशी. पुढच्या रांगेतली म्हातारी डोळे पुसत होती.

माझं कोपर दाबलं गेलं.

पलीकडे डेसचंही दाबलं गेलं असावं. त्यानं घाईनं तोंड उघडलं.

आम्ही दोघांनी धरला, जिवाच्या आकांतानं, आणि शेडमध्ये फक्त आमचे दोन बारके आवाज होते. शेजारी कुणीतरी श्वास आत ओढत होतं. तो श्वास संपेचना. माझ्या कानाजवळचे केस त्या बाजूला ओढले गेले.

मग कोपर पुन्हा दाबलं. आले, सोडा.

टाळ्या बराच वेळ चालल्या. वेस्नानं डेसला मिठी मारली. "पेटी गेली खड्ड्यात! पुढच्या वर्षीही तूच धरायचंस."

"धरतो की," डेस म्हणाला.

आता हिवाळा सुरू झालाय. दर रविवारी आम्ही जातो. डेसची छाती बरी आहे, नवी लायर झाली आहे, तविताची बायको पाव जास्त पाठवते. आम्ही दोघं सुखात आहोत. फारसं गातही नाही. खूण झाली की तेवढं धरतो.

लुडमिला आमच्याबरोबर होती तेव्हा नेहमी माझ्या डाव्या हाताला, अगदी कडेला उभी राहायची. डेसच्या आणि माझ्या मध्ये कधीच कुणी नव्हतं.