जोडीची गिनती

शाळेचे गणवेश पोचते करून परतताना शिंपीणबाई दिराला म्हणाल्या, वाटेतच आहे तर तुरुंग बघून जाऊ. दिराने कपाळाला आठ्या घातल्या, पण तो आला. वहिनीचं मन मोडायची त्याला हिंमत नव्हती. टोमणे मारायची मात्र होती.

हा तुरुंग जुन्या राज्यकर्त्यांनी बंडखोरांसाठी बांधला. ते गेले, नवे आले, आणि आल्या आल्या त्यांनी पहिली डागडुजी केली ती इथल्या कुलपांची. लिहिणारे, संप करणारे, जमीन न सोडणारे, सगळ्यांची सोय झाली. पुढे भिंती खचल्या, कैदी हलवले गेले, वटवाघळं राहायला आली. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की इथल्या माणसांचं जे झालं ते झालं, निदान भुतं तरी विकावीत. आता फाटकावर तिकीट, कोठड्यांत लाल दिवे आणि फलकावर हसणारी कवटी.

बाईंच्या नवऱ्याला कारखान्याच्या संपात उचलून इथे आणलं होतं. त्याच हिवाळ्यात सरकारी निरोप आला, तो भिंत चढून फरार झाला. नंतर कित्येक वर्षं पोलीस वेळी-अवेळी येऊन धान्याचे डबेसुद्धा उपसून गेले. मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिवंत म्हणावं तर खबर नाही. दिराचं मत ठरलेलं होतं: दादा कुठेतरी दुसरा संसार थाटून मजेत असणार. तो पळाला नाही, एवढं कुणीतरी मोठ्याने म्हणावं, याहून जास्त बाईंनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

आत गाइडच्या तोंडाचा पट्टा चालू होता. वाकून या, इथे भल्याभल्यांना वाकावं लागलंय, असं म्हणत तो लोकांना हसवत होता. शेवटच्या कोठडीपाशी त्याने आवाज उतरवला. दारातूनच ओल आणि चुना यांचा कुबट वास येत होता. इथे म्हणे एका संपवाल्याला रात्रभर गार पाण्यात बांधून ठेवलं. सकाळी तो गेलेला होता. मागच्या चुन्याच्या खड्ड्यात त्याला ढकललं आणि बाहेर सांगितलं, पळाला. अजून त्याची शीळ ऐकू येते, दातांच्या फटीतून घातलेली.

दिराच्या हातातली गणवेशांची रिकामी पिशवी खाली पडली. दादाची ती शीळ त्याने लहानपणापासून ऐकली होती.

लोक पुढे गेल्यावर बाईंनी गाइडला गाठलं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

इथल्याच जुन्या शिपायांनी, तो म्हणाला. दोन घोट पोटात गेले की बोलतात.

"मग हेच कोर्टात सांगाल?"

गाइडने आजूबाजूला पाहिलं. "मावशी, इथे भूत आहे म्हणायची परवानगी आहे. माणूस मारला म्हणायची नाही."

दीर सगळं ऐकत उभा होता. त्याने पडलेली पिशवी उचलून काखेत मारली.

शेवटचा खेळ अंगणात होता. तुरुंगात कैदी मोजायचे ते जोडीने बसवून, एकाने दुसऱ्याचं मनगट धरून. एक पळाला तर मार दुसऱ्याला. लोक खिदळत रांगांत बसले. गुडघे धरलेले म्हणून दीर भिंतीशी उभा राहिला, आणि मागच्या रांगेच्या टोकाला बाई एकट्याच उरल्या. सावल्या लांबल्या होत्या. गाइड तळहातावर दांडकं आपटत निघाला.

"जोडी... जोडी..."

बाईंपाशी आला. त्याने त्यांच्याकडे आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि तो थांबला नाही.

"जोडी."

मग शिपायाचा आवाज काढून तो ओरडला, "गिनती बरोबर. फरार कोणी नाही."

टाळ्या वाजल्या. कपडे झटकत लोक फाटकाकडे निघाले.

"वहिनी... चला, बंद करताहेत."

बाई बसूनच होत्या. त्यांचा उजवा हात शेजारच्या रिकाम्या फरशीकडे ताणला गेला होता.

"मी येते हो, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "पण हे सोडतील तेव्हा ना..."

दीर वाकला. वहिनींच्या मनगटावरची कातडी पाच बोटांच्या आकारात आत दबलेली होती. तो बघत असतानाच ती आणखी दबली.