दिसेल इतक्या लांब

"बाबा परवापासून घरी नाहीत. आणि पोलीस तलावात गळ टाकून बसलेत," असं म्हणून कोशकारांची मुलगी ताईंच्या कचेरीतल्या डुगडुगत्या खुर्चीत बसली.

ताई खासगी हेर होत्या. शेजारी बसलेले निवृत्त दंतवैद्य स्वतःला त्यांचा मदतनीस म्हणवून घेत. आयुष्यभर दुसऱ्यांना आ करायला लावल्याची भरपाई म्हणून की काय, आता ऐकताना त्यांचंच तोंड उघडं राही.

"तलावातच का?" ताईंनी विचारलं.

"चुलतभावाने जिन्यात हटकलं, काका, कुठे निघालात? बाबा म्हणाले, यॉन्डर. तो म्हणतो, म्हणजे पैलतीर. म्हणजे वर."

"जुना इंग्रजी शब्द," दंतवैद्य म्हणाले. "कवितेत मरायला टेकलेली माणसं वापरतात."

मुलीने डोळ्यांना पदर लावला. ताईंनी दंतवैद्यांकडे नुसतं पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं.

कोशकार जुन्या इंग्रजी शब्दांचा मराठी कोश करत होते. एकटेच. बायको गेलेली, मुलगी परगावी. खालच्या मजल्यावर पुतण्या राही.

"काका गेले तर, म्हणजे जाऊ नयेत, पण वरचा मजला रिकामाच पडणार ना?" सगळे घरी पोचताच पुतण्या म्हणाला. त्याच्या खिशातून मोजपट्टीचं टोक डोकावत होतं.

"संशयित!" दंतवैद्य कुजबुजले.

"हावरट," ताई म्हणाल्या. "जिन्याखाली त्यांचे बूट आहेत. चपला कुठायत?"

"त्याच घालून गेले."

वर स्वयंपाकाच्या बाई भांडी लावत होत्या. "माणूस भला हो, पण प्रत्येक शब्द स्वतःवर करून बघायचे. लंगडण्याचा कुठलासा शब्द आला, तर दिवसभर लंगडले. उपासमारीचा आला त्या दिवशी मला सुट्टी."

"आणि हल्ली?"

"हल्ली हाच, यॉन्डर. महिनाभर अडकले होते. खुर्चीतून बोट दाखवायचे, बाई, ते पलीकडे बघा. मी म्हणायची, आजोबा, दूध उतू जातंय."

टेबलावर वाचायचा चष्मा होता, लांबचा नव्हता. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबाही नव्हता. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

"काल रात्री इथला दिवा कोणी लावला?"

"मी," मुलगी म्हणाली. "रात्रभर जागीच होते. इथेच उभी."

"मग ते काल का परतले नाहीत, ते कळलं. ते सुखरूप आहेत. तलावाकडे जाणारा माणूस रक्तदाबाच्या गोळ्या नेत नाही. आणि चपला घालून कोणी फार लांब जात नाही. ज्याने लंगडल्याशिवाय लंगडणं लिहिलं नाही, तो हा शब्दही उगाच टाकणार नाही. यॉन्डर म्हणजे कुठेतरी नव्हे. लांब, पण इथून दिसणारी जागा. लांबचा चष्मा त्यासाठीच नेला." ताईंनी बोट केलं. "दंतवैद्य, ते पलीकडे बघा."

दंतवैद्यांनी बोटाच्या रोखाने पाहिलं. रेल्वेच्या रुळांपलीकडे एक पिवळं लॉज होतं. वरच्या मजल्यावरची एकच खिडकी उघडी होती.

"या शब्दाला दोन माणसं लागतात," ताई म्हणाल्या. "एक दाखवणारं, एक बघणारं. इथे दुसरं कोणी नव्हतं. मग ते स्वतःच तिकडे गेले, इकडे बघायला."

लॉजची खोली कोशकारांनीच उघडली. चष्मा डोळ्यांवर, दाढी वाढलेली. मुलीला बघून ते ओशाळले.

"एकाच रात्रीसाठी आलो होतो. काल निघणारच होतो, तर माझ्या खिडकीत दिवा लागला. तू दिसलीस. किती वर्षांनी त्या खिडकीत कोणी उभं होतं. म्हटलं, आपण गेलो की बघणं संपेल."

"बाबा, मी तुम्हाला तलावात शोधत होते!"

खालून गाडी गेली, तावदानं थरथरली.

"अर्थ तरी सापडला का?" दंतवैद्यांनी हळूच विचारलं.

"सापडला. दिसतं, पण हाक पोचत नाही, अशा जागी."

मुलीने त्यांच्या चपला उचलून पायांपाशी ठेवल्या.

"हाक मारून बघितलीत?"

कोशकार खिडकीबाहेर बघत राहिले. सगळे शब्द करून बघणारा माणूस.

"ते राहिलं," ते म्हणाले.