उल्लेख कोण करणार?

निबंध अजून छापूनही आला नव्हता, तोच प्रयोगशाळेत पेढे फिरले. डॉ. भालचंद्र इनामदारांच्या सांधेदुखीवरच्या नव्या औषधाला भाकीतयंत्राने चौदा हजारांचा उल्लेखांक दिला होता. म्हणजे येत्या दहा वर्षांत चौदा हजार शोधनिबंध त्यांच्या या एका निबंधाचा दाखला देणार. संस्थेत आजवर कुणाचा आकडा हजारापर्यंतही पोचला नव्हता. आकडा मोठा आला की माणसांवरच्या चाचणीला मंजुरी, अशी तिथली रीतच पडली होती. निबंध वाचण्याचे कष्ट मंजुरी देणाऱ्या समितीने केव्हाच सोडले होते.

समितीतल्या डॉ. सुमेधा टिकेकरने पेढा घेतला आणि कागदात गुंडाळून ठेवला. गुरुवारचा उपास होता हे खरे. पण एरवीही तो घशाखाली उतरला नसता. इनामदार सर तिचे गुरू. त्यांच्या निबंधांना मिळालेले निम्मे दाखले शिष्यांनीच भक्तिभावाने दिलेले, हे तिला ठाऊक होते. त्या शिष्यांत तीही होती. आणि सोमवारी औषधाची पहिली मात्रा घेणाऱ्यांत तिच्या सासूबाई होत्या. तुझ्या गुरूंचं औषध, मग विचार कसला करायचा, म्हणून त्यांनी आपणहून नाव दिले होते.

आकड्यात कुणीतरी हात घातलाय, या संशयाने ती यंत्र सांभाळणाऱ्या फिरोज मुलाणीकडे गेली.

फिरोज हसला. "ताई, यंत्राला लाच दिली तरी ते ठेवणार कुठं?" मग त्याने नीट समजावले. शंभर वर्षांत कोणत्या निबंधाचा दाखला पुढे कुणी दिला, एवढेच यंत्र शिकले आहे. या जातीचा रेणू, एवढी मात्रा, अशा निबंधांचे पुढे काय झाले हे ते जाणते. का झाले, ते त्याला कळत नाही.

"उल्लेख कोण करणार, हे सांगतं का ते?"

"सांगतं की. आजवर कुणी विचारलं नाही. आकडा बघतात अन् जातात."

त्याने आलेख उघडला. पहिली दोन वर्षे रेषा जमिनीलाच चिकटलेली; सांधेदुखीवाले निबंधाचे नावही काढत नव्हते. तिसऱ्या वर्षी ती भिंतीसारखी उभी चढत होती. आधी मूत्रपिंडविकारांची नियतकालिके, मागोमाग औषधसुरक्षेची, शेवटी वैद्यकीय कायद्याची.

गुडघ्याच्या औषधाशी मूत्रपिंडवाल्यांना काय देणेघेणे? सुमेधेने हळूच विचारले, "दाखला चांगल्याचाच देतात असं नाही ना, फिरोजभाऊ?"

"छे. 'असं पुन्हा करू नका' म्हणूनही देतात. यंत्राच्या लेखी दोन्ही एकच."

कोणत्याही एका सभासदाच्या सहीने चाचणी स्थगित होई. आजवर तशी सही कुणी केली नव्हती. सुमेधेने त्याच दुपारी केली. समिती बसली. स्थगितीची नोंद घेऊन यंत्राने भाकीत पुन्हा मांडले: एकतीस. भिंत नाहीशी झाली होती.

"कुठं गेले तुझे मूत्रपिंडवाले?" सर शांतपणे म्हणाले. "पोरी, मत्सर वाईट असतो."

चौदा हजारांवर पाणी सोडायला कोणीच तयार नव्हते. बहुमताने स्थगिती उठली. पडद्यावरचा आकडा तत्काळ चौदा हजारांवर गेला आणि टाळ्या पडल्या.

सरांनी मात्र टाळी वाजवली नाही. त्यांनी फिरोजला आलेख उघडायला लावला. औषध थांबले तर एकतीस, माणसांच्या पोटात गेले तर चौदा हजार. तिसऱ्या वर्षाची ती भिंत त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिली. सुमेधेला हायसे वाटले. सरांना आलेख वाचता येत होता. तो तिलाही त्यांनीच शिकवला होता.

मग ते तिच्याकडे झुकले आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "तुझ्या सासूबाईंचं नाव आहे ना यादीत? तेवढं काढून घे."

स्थगितीची सही कितीदा करावी, याला नियमात बंधन नव्हते.

"काढते, सर," ती तितक्याच हळू म्हणाली आणि तिने स्थगितीचा अर्ज पुन्हा पुढ्यात ओढून सही केली. "सगळ्यांचीच काढते."

पडद्यावर पुन्हा एकतीस उमटले. टाळ्या थांबल्या.