एक मीटरच्या आत

मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगवही लिहायला बसलेल्या मुलांना मी दरवर्षी एकच गोष्ट सांगायचो. जे दिसलं ते लिहा. जे दिसायला हवं होतं ते लिहू नका.

खालचं सगळं त्याच नियमाने लिहिलंय.

ही रात्रीची गोष्ट नाही. गेल्या महिन्यातला दुसरा रविवार, दुपारचे सव्वातीन. माझ्या घराची पुढची खोली. खिडकी उघडी, लख्ख ऊन. लाईट गेले नव्हते. कुठे कुत्रं रडत नव्हतं.

मी एकटाही नव्हतो. समोरच्या खुर्चीत माझी पुतणी बसली होती.

आधी कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगतो. ते नीट समजलं तरच पुढचं समजेल.

माझ्याकडे अकरा जुने रशियन कॅमेरे आहेत. फेड, झोर्की, किएव. रोल घालायचे, हातात घेतले की दगडासारखे जड. रविवारी सकाळी आसपासची मुलं येतात, त्यांना मी ते चालवायला शिकवतो. झोर्कीची आधी चावी फिरवायची, मगच शटरचा वेग बदलायचा. उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडते. मुलं दोनदा चुकतात. तिसऱ्यांदा चुकत नाहीत.

या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही. बघायला वर वेगळी खिडकी असते. तिच्यात मधोमध एक पिवळसर ठिपका असतो, आणि त्या ठिपक्यात समोरच्या माणसाची दोन चित्रं दिसतात. एक ठळक, एक फिकट. लेन्सची कडी फिरवत गेलं की फिकट चित्र सरकत सरकत ठळक चित्रावर येऊन बसतं. बसलं, की अंतर जुळलं. माणूस किती मीटरवर आहे, तो आकडाही कडीवर वाचता येतो.

सगळ्यात लहान आकडा एक. एक मीटरच्या आत काही असेल, तर या कॅमेऱ्याला ते जुळवता येत नाही.

आता यातली एक गंमत. खिडकी वेगळी असल्यामुळे, लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं तरी आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं. आपण खुशाल फोटो काढत राहतो. रोल कोरा निघतो.

म्हणून प्रत्येक फोटोआधी मी मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतो, "झाकण." माझ्यामागे ती मला झाकणसर म्हणतात. मला ठाऊक आहे. मी रागावत नाही.

त्या नावामागचं कारण मात्र मी कोणाला सांगितलेलं नाही.

अकरापैकी पहिली झोर्की माझ्या थोरल्या भावाची. दादा कारखान्यात फिटर होता. भंगारात मिळालेला तो कॅमेरा त्याने स्वतः उघडला, शटरचा फाटलेला पडदा बदलला आणि चालू केला. मला फोटो काढायला त्यानेच शिकवलं.

चौतीस वर्षांपूर्वी तो अंथरुणाला खिळला. एका दुपारी मला म्हणाला, "छोटीबरोबर माझा एक फोटो काढ. घरातले सगळे फोटो मीच काढलेत. मी कशातच नाही."

छोटी म्हणजे त्याची एकुलती मुलगी. तेव्हा सात वर्षांची होती.

मला उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. मी घाईत होतो. दादाला खुर्चीत बसवलं, छोटीला त्याच्या मांडीवर, आणि सुरुवात केली.

"दादा, मान वर."

"अरे, तू जरा..."

"बोलू नकोस ना. हलतोयस."

छोटीने माझ्याकडे बोट दाखवलं. "काका, ते काळं..."

"गप्प बस. मला शिकवू नकोस."

ती गप्प बसली. दादाने तिच्या बोटावर आपला हात ठेवला आणि अलगद खाली घेतला. मग तो हसला. माझे फोटो संपेपर्यंत तसाच हसत बसला.

पुढचे काही दिवस त्याने दोन-तीनदा विचारलं, "आले का फोटो?"

"येतील रे."

एकोणीस दिवसांनी दादा गेला. रोल मी त्यानंतर धुवायला टाकला.

स्टुडिओवाल्याच्या बोटांना कायम हायपोचा, म्हणजे फिल्म धुण्याच्या औषधाचा वास यायचा, म्हणून सगळे त्याला हायपो म्हणत. त्याने ती फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. एकही फोटो नव्हता.

"मास्तर, कडेचे आकडे बघा," तो हळूच म्हणाला. "हे आकडे कंपनी आधीच उमटवून ठेवते. ते नीट आलेत. म्हणजे माझं औषध चांगलं आहे." मग फिल्म खाली घेतली. "झाकण राहिलं असेल. होतं असं. माझंही झालंय."

मी घरी गेलो आणि वहिनीला सांगितलं, स्टुडिओवाल्याने रोल खराब केला.

वहिनी तशीच चप्पल अडकवून निघाली. त्याच्या दारात उभी राहिली आणि तोंडाला येईल ते बोलली. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. मी तिच्या मागेच उभा होतो. हायपोने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग वहिनीला हात जोडले.

"चुकलं ताई," एवढंच म्हणाला.

लोक त्याच्याकडे जायचे कमी झाले. दीड वर्षात त्या गाळ्यात चपलांचं दुकान आलं. वहिनी शेवटपर्यंत त्याच्या नावाने बोटं मोडत राहिली. दादाचा कॅमेरा तिने माझ्याच हातात दिला. म्हणाली, "तुम्हीच सांभाळा भावोजी. तुमच्याइतकी कोणाला कदर नाही."

आता त्या रविवारचं.

छोटी एक्केचाळीस वर्षांची आहे. परगावी असते. न कळवता आली.

"काका, गावभरच्या पोरांना शिकवता. मला कधी शिकवणार?"

"तू कधी विचारलंस?"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ठेव ते, पाडशील."

मी हसलो. कपाटातून दादाची झोर्की काढली, रोल भरला.

"आधी तुम्ही माझे काढा," ती खुर्चीत बसत म्हणाली. "मी बघते कसं करता ते." तिने हात लांब करून लेन्सवरचं झाकण स्वतःच काढलं आणि मुठीत धरलं. "झाकण, सर. जिन्यात पोरं सांगत होती तुमची ख्याती."

एवढं लक्षात ठेवा. झाकण तिच्या मुठीत होतं.

"काका, तो आमचा रोल," ती म्हणाली. "एकसुद्धा फोटो आला नव्हता? अंधुकसा?"

मी कडी चाचपत राहिलो.

"मला बाबांचा चेहरा आठवत नाही हो. हात आठवतो. माझ्या बोटावर ठेवलेला. का ठेवला होता, कोण जाणे."

उत्तर द्यायला लागू नये म्हणून मी कॅमेरा डोळ्याला लावला.

ठिपक्यात छोटी दिसली. ठळक. तिच्या शेजारी फिकट चित्र...

ते तिच्यापेक्षा उंच होतं.

जुन्या कॅमेऱ्यात असं होतं. आतला स्क्रू ढिला झाला की फिकट चित्र थोडं वर चढतं. मी स्वतःला हेच सांगितलं. कडी फिरवली. फिकट चित्र सरकत आलं, पण छोटीवर बसलं नाही.

तिच्या मागे जाऊन बसलं.

खांदे रुंद. खुर्चीला टेकलेले. आणि छोटी जणू त्याच्या...

मी कॅमेरा खाली घेतला. खुर्चीत छोटी एकटीच होती.

"काय झालं, काका?"

"काही नाही. डोळ्यांत पाणी येतं हल्ली."

पुन्हा ठिपक्याकडे न बघता मी अंदाजाने फोटो काढत गेलो. मग चावी फिरेना. रोल छत्तीसचा होता, अजून बराच शिल्लक होता, तरी फिरेना. मी आकडा पाहिला. चौदा.

त्या दुपारी दादाचेही मी चौदाच काढले होते.

छोटी संध्याकाळी परत गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या रविवारी येते. फोटो तयार ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी न्हाणीघरात रोल धुवायला बसलो. घरात कोणी नव्हतं. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला, दिवा बंद केला. या कामात फिल्म बाहेर काढून चकरीवर चढवावी लागते, तीही गच्च अंधारात. चढवून डबा बंद होईपर्यंत दार उघडायचं नसतं. उजेड लागला की सगळं जातं.

फिल्म अर्धी चढली होती.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

कर्र... खट्.

झोर्कीची चावी फिरल्याचा आणि शटर पडल्याचा आवाज. हा आवाज मी झोपेतही ओळखेन.

माझे हात थांबले.

कर्र... खट्.

दोन आवाजांमध्ये बराच वेळ जात होता. कोणीतरी सावकाश, निगुतीने काम करत होतं. दार उघडावं तर छोटीचा रोल जाणार. मी अंधारात बसून राहिलो. मोजायचं नाही असं ठरवलं, तरी मोजत गेलो.

चौदा झाले.

मग काहीच नाही. नळाचा थेंबसुद्धा नाही.

डबा बंद करून बाहेर आलो. झोर्की टेबलावर होती, मी ठेवली तशी. खुर्ची मात्र वळलेली होती, तिच्याकडे तोंड करून.

फिल्म धुतली, खिडकीत धरली. आधी कडा बघितली. आकडे स्वच्छ आलेले.

मग फोटो बघितले. चौदाच्या चौदा आले होते.

एकातही छोटी नव्हती.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, म्हणून मोबाईलवर घेऊन सरळ केलं. एक माणूस उभा होता. पस्तिशीचा. खिशाला दोन पेनं. चेहऱ्यासमोर कॅमेरा. मागे दादाच्या जुन्या घराची भिंत. आणि कॅमेऱ्याच्या लेन्सच्या जागी काळी, गोल चकती.

झाकण.

फोटो खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नजरेतून काढलेला होता. खालच्या कोपऱ्यात लहान मुलीचं बोट. त्या काळ्या चकतीकडे रोखलेलं. पुढच्या फोटोत माणूस थोडा जवळ. त्याच्या पुढच्यात आणखी जवळ. चौदाव्यात त्याचं तोंड उघडं आहे, कोणावर तरी ओरडताना. आणि बोटावर एक मोठा हात आलाय. अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

दादाचं ते नख कारखान्यात पकडीत सापडलं होतं.

मी जमिनीवर बसलो. चौतीस वर्षं मी एवढंच समजत होतो, की झाकण माझ्या लक्षात आलं नाही. दादाच्या लक्षात आलं असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. त्याला तर समोर दुसरं काही दिसतच नव्हतं. तरी तो हसत बसला होता. नंतर विचारतही राहिला, आले का फोटो. मी कधी सांगतो, याची वाट बघत.

तेवढ्यात फोन वाजला. छोटी.

"काका, आले का फोटो?"

सांगता आलं असतं. फिल्म हातात होती.

"खराब झाला गं रोल," मी म्हणालो. "औषध जुनं होतं."



"काका, एक विचारू? ते स्टुडिओवाले होते ना, हायपो. गेल्या वर्षी शोधून काढलं मी त्यांना. म्हटलं, विचारावं नक्की काय झालं. फार थकले होते. त्यांनी काहीच सांगितलं नाही. म्हणाले, तुझ्या काकांना विचार, कडेचे आकडे आले होते का. त्याचा अर्थ मी नंतर वाचून काढला. आज आलेत का आकडे?"

माझा अंगठा फिल्मच्या कडेवरच्या चौदाच्या आकड्यावरच होता.

"नाही," मी म्हणालो.

"बरं."

तिने फोन ठेवला. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यानंतर माझा फोनही उचलत नाही. झाकण तिच्याकडेच राहिलंय.

हे इथेच संपलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण कपाटात ठेवताना मी प्रत्येक कॅमेऱ्याची कडी शेवटच्या खुणेवर, सगळ्यात लांबच्या अंतरावर लावून ठेवतो. वर्षानुवर्षांची सवय आहे. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते.

त्या फोननंतरच्या सकाळी दादाच्या झोर्कीची कडी दहावर होती.

मी परत मागे लावली. दोन दिवसांनी पाचवर. मग तीनवर. मग दोनवर.

मुलांचा वर्ग बंद केलाय. झाकण हा शब्द तोंडातून निघत नाही.

आज सकाळी कडी एकवर होती. त्यापुढे ती जात नाही, तिथे धातूचा अडसर आहे. मी कॅमेरा डोळ्याला लावला. रिकाम्या खुर्चीकडे धरला, भिंतीकडे धरला, दाराकडे धरला. कुठेही धरला तरी ठिपक्यात तेच फिकट चित्र. खांदे रुंद. मी कडी पुढेमागे फिरवली. ते कशावरच बसेना.

जे दिसलं ते लिहिलं.

ते जुळत नाही, कारण आता ते एक मीटरच्या आत आहे.