आधीचा काही आजार?

"ओ भाऊ, ही सावली सरकारी आहे. टेबल उचला."

उत्तरा माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य.

कन्हानला बाजाराच्या ओट्याजवळ आरोग्य शिबिर होतं. मी आरोग्य विम्याच्या पॉलिसी विकायचो, ऑफिस नागपूरला, धरमपेठेत. शिबिराला माणसं येतील म्हणून सकाळीच जाऊन लिंबाखाली टेबल मांडून बसलो होतो. समोर औषधांची पेटी घेऊन एक मुलगी उभी. उन्हामुळे ओढणी तोंडाला गुंडाळलेली, नुसते डोळे दिसत होते. डोळे रागात होते.

"सावलीवर सरकारचं नाव लिहिलं आहे का?" मी म्हटलं.

"झाड सरकारी जागेत आहे. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. म्हणजे झाड माझंच झालं."

"मग अर्धी सावली किरायानं द्या ना."

तिनं माझं टेबल स्वतःच धरून थोडं सरकवलं आणि शेजारी आपलं मांडलं. एका बाजूला सरकारी योजनेची कार्डं आणि बीपीचं मशीन, दुसऱ्या बाजूला मी.

थोड्या वेळानं एक म्हातारेबुवा माझ्यासमोर बसले. बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. मला वाटलं ऐकायला आले आहेत. मी त्यांना सगळी पॉलिसी समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते सारं बरोबर आहे सायब... पण बीपी किती निघाला?"

शेजारून हसू फुटलं. नीट हसता यावं म्हणून तिनं तोंडावरची ओढणी सोडली. मी बघत राहिलो. ते तिला कळलं, आणि तिनं ओढणी परत बांधली नाही.

उत्तरा आता नाही. मागच्या पावसाळ्यात तापानं गेली. घरात बोलायला माणूस उरलं नाही, म्हणून लिहून काढतो आहे. पण ही गोष्ट रडायची नाही. तिला रडगाणं आवडत नसे.

त्यानंतर आम्ही भेटत गेलो. ती गावातले पेशंट घेऊन नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात यायची. मी क्लेमच्या कामानं खाजगी दवाखान्यांत फिरायचो. मधल्या चौकात एक तर्री-पोह्याची गाडी होती. पहिल्यांदा तिथे योगायोगानं भेटलो. नंतरचे योगायोग मी ठरवून आणले.

भेटलो की भांडण ठरलेलं.

"तुमच्या पॉलिसीत कोण बसते सांगू?" ती पोह्यावर तर्री ओतून घेत म्हणायची. "जो आजारी नाही तो. तुम्ही निरोगी माणूस शोधता, आम्ही रोगी शोधतो."

"निरोगी माणूस पैसे भरते, म्हणूनच रोग्याचं बिल निघते. सगळं सरकारनं करायचं म्हटलं तर पुरंल का?"

"काहून नाही पुरणार? रस्ते करते, शाळा चालवते. माणसाचा जीव काय रस्त्यापेक्षा हलका आहे?"

"तुमच्या दवाखान्यात पेशंट खाली गादी टाकून झोपते, ते पाह्यलं मी."

"झोपते ना. पण झोपू देतात. तुमच्याकडं दारातच विचारतात, कार्ड आहे का?"

"अन् तुमच्या योजनेच्या यादीत नसलेलं ऑपरेशन निघालं तर?"

इथे ती पोह्यावर लिंबू पिळत राहायची. ते बघून मला वाईट वाटायचं. मग मीच म्हणायचो, "बरं, आज तुम्ही जिंकल्या."

"दया करून राहिले का माझ्यावर?"

"नाही. तुम्ही जिंकल्या की जास्त पोहे खाता. ते पाहणं चांगलं वाटते."

ती खाली बघायची. चमचा प्लेटमध्ये फिरवत राहायची... प्लेट रिकामी असली तरी.

अशात माझ्या एका ग्राहकाचा क्लेम अडकला. सक्करदऱ्याचे चंपतराव, कापडाचं छोटं दुकान. पॉलिसी काढताना त्यांनी शुगर लपवली होती, आणि मीही नीट विचारलं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी ती निघाली. कंपनीनं नाही म्हटलं. त्यांची बायको माझ्या ऑफिसच्या पायरीवर बसून होती.

मी उत्तराला फोन केला. वाटलं, आता ऐकवेल. तिनं एवढंच विचारलं, "त्यायले किती वाजता आणता?" दुसऱ्या दिवशी ती सुट्टी टाकून आली, सरकारी दवाखान्यात त्यांना भरती करून दिलं, वॉर्डात त्यांच्या बायकोजवळ बसून राहिली. चंपतराव बरे झाले. त्या भांडणात आपण जिंकलो असं ती कधीच म्हणाली नाही. मला वाटतं, मी तिच्या प्रेमात पडलो तो त्याच दिवशी. त्याआधी नुसता आवडीचा मामला होता.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. समोर कोणी बसला की पहिला प्रश्न, "आधीचा काही आजार?"

मग मी घरी तिच्याबद्दल सांगितलं. तिनं तिच्या घरी सांगितलं. समाज एकच, दोन्हीकडं थोडीफार शेती, कोणाला अडचण नव्हती. तरी रीत म्हणून मुलगी पाहायला जायचं ठरलं. आई, मी आणि माझे मोठे काका नानाजी. माझे वडील नाहीत, त्यामुळे नानाजींचा शब्द शेवटचा.

कन्हानला तिच्या घरी समोरच्या खोलीत बसलो. उत्तरा चहाचा ट्रे घेऊन आली. आकाशी रंगाची साडी नेसली होती. तिला मी कधी साडीत पाहिलं नव्हतं. नानाजींनी शिक्षण विचारलं, नोकरी विचारली आणि मला म्हणाले, "तुले काही विचारायचं असंल तर विचार गा."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं आणि तोंडाला जी सवय होती ते तोंडानं बोलून टाकलं.

"आधीचा काही आजार?"

मग नानाजी एकदम हसले. "अबे, पोरगी पाह्यले आला का पॉलिसी काढाले?"

सगळे हसले. तिची आई भागीरथाबाई घाईघाईनं म्हणाली, "नाही नाही, आमच्या पोरीचं कधी डोकंसुद्धा दुखलं नाही."

उत्तरा हसली नव्हती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"आहे," ती म्हणाली.

"उत्तरा... चहा दे वं तू," आई म्हणाली.

"आई, यायले पुढं कळंल. मग हेच म्हणतील की लपवलं." ती माझ्याकडे वळली. "लहानपणी माझ्या काळजाले छिद्र होतं. चालताना ओठ निळे व्हायचे. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. तिथं कोणी विचारलं नाही, का बा ही पोरगी पुढं किती जगंल, हिच्यावर खर्च करावा का नाही. बस, केलं. म्हणून मी नर्स झाली. छातीवर खूण आहे. तुम्हाले कितीदा सांगावं वाटलं... पण ज्याचं कामच आजार मोजायचं आहे, त्याले कसं सांगू?"

तिचे वडील देवराव खाली मान घालून बसले होते. माझी आई पदराशी चाळा करत होती.

नानाजी उठले. "विचार करून कळवतो," म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. भागीरथाबाईंनाही माहीत होता. त्यांनी डोळे पुसले. उत्तरानं नाही. ती ट्रेमधले भरलेले कप तसेच उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आई म्हणाली, "पोरगी चांगली आहे रे. पण लेकरं होतील का तिले? काही झालं तर तू..."

"आई, चंपतरावायले काही झालं तेव्हा कोण धावलं होतं?"

नानाजी पान लावत होते. त्यांना म्हटलं, "मी कन्हानला जातो."

"मी त्यायले विचार करून कळवतो म्हटलं आहे."

"तुम्ही करा विचार. मी कळवून येतो."

नानाजींचं पान हातातच राहिलं. मी चप्पल घालत होतो तेव्हा मागून आईचा आवाज आला, "तिले म्हण, मी रागावली नाही."

तिच्या दवाखान्यात लसीकरणाचा दिवस होता. व्हरांडाभर बाया, प्रत्येकीच्या कडेवर लेकरू, आणि निम्मी लेकरं रडत होती. उत्तरा टेबलाशी उभी राहून सुई भरत होती. मला पाहून तिचा हात थांबला, मग परत चालू झाला.

"बोला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "काय म्हणते तुमची कंपनी?"

"कंपनी म्हणते, आधीचा आजार असंल तर चार वर्षं थांबा. मग पाहू."

"अन् तुम्ही?"

"मले थांबायचं नाही."

तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली. रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "ऐक वं, ऐक."

"विचार केला का नीट?" तिचा आवाज बारीक झाला होता. "मले काही झालं तर?"

"माझा पाय घसरून मीच आधी गेलो तर? त्याची हमी कोणती कंपनी देते? तुमचं सरकार देते का?"

"भांडाले आले का इथं?"

"हो. रोज भांडाले पाहिजे तुम्ही मले. घरी."

तिचे डोळे भरून आले. ते लपवायला ती घाईनं म्हणाली, "मग उभे काय राहिले? त्या लेकराले धरा. घट्ट. पाय हलू देऊ नका."

मी एका गुबगुबीत पोराला मांडीवर घेतलं. ती वाकली. तिच्या केसांना डेटॉलचा वास येत होता. तिनं सुई टोचली आणि पोरानं असा काही भोंगा काढला की दवाखान्याचे पत्रे हादरले. त्या आवाजात तिचे ओठ हलले.

"काय म्हटलं?" मी ओरडून विचारलं.

"हो म्हटलं!"

"ऐकू नाही आलं."

ऐकू आलं होतं. रांगेतल्या साऱ्या बायांनाही आलं होतं, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. उत्तरा लाल झाली. तिनं ते रडणारं पोर माझ्या हातातून घेतलं, खांद्यावर टाकलं, त्याची पाठ थोपटत माझ्या अगदी जवळ आली आणि पुन्हा एकदा, हळू, म्हणाली.